मायकलच्या शवपेटीपुढे

लॉस एंजेलिस,
६ फेब्रुवारी १९३३

प्रिय विने,

तुझा भाऊ सिनेमात गेला. हसू नकोस. पडद्यावर नाही, पडद्यामागे. पण पगार आहे, दुपारचं जेवण आहे आणि एक खुर्ची आहे, तिच्या पाठीवर 'मिस्टर गेरिटी' असं ठळक रंगवलंय. दारूबंदी खात्यात इतकी वर्षं घासली, तिथे मला बसायला धड स्टूलसुद्धा मिळालं नव्हतं.

सिनेमा आमच्यावरच आहे. शिकागोतले गुंड, त्यांचे दारूचे ट्रक, आणि त्यांच्या मागे लागलेलं एक प्रामाणिक पथक. खरं कसं घडायचं ते सांगायला त्यांना एक खरा माणूस हवा होता, तो मी. हीरोचं नाव डेरेक स्टँडिश. दिसायला राजबिंडा, पण दार कसं फोडतात याची त्याला गंधवार्ता नाही. पहिल्या दिवशी त्याने कुऱ्हाड घातली ती थेट बिजागरीवर. मी म्हटलं, "अरे बाबा, कडीच्या बाजूला मार, नाहीतर संध्याकाळपर्यंत इथेच राहशील." गुंडांची कामं करणारे लोक मात्र फार सज्जन आहेत. त्यातला एक तर प्रार्थना केल्याशिवाय घास तोंडात घालत नाही. बिअरचा फेस साबणाचा असतो.

आता मुख्य गोष्ट. दिग्दर्शक विंथ्रॉपसाहेब परवा म्हणाले, "गेरिटी, गोळीबार पुष्कळ झाला, आता काळजाला हात घालणारं काहीतरी सांगा." मी त्यांना ती शवपेटीची हकीकत सांगितली. तुला आठवत असेल, सहा वर्षांपूर्वीची. आपल्याच भागात, कालव्याजवळच्या एका घरात कॅनडाची व्हिस्की उतरली आहे अशी खबर आली होती. मी पथक घेऊन गेलो. दार उघडलं, तर समोरच्या खोलीत शवपेटी! डोक्याशी मेणबत्त्या, बायका रडताहेत, कोपऱ्यात म्हातारे चिलीम ओढत बसलेत, आणि पेटीच्या उशाशी एक तरुण ओक्साबोक्शी रडतोय. "माझा भाऊ मायकल हो! यार्डात मालगाडीखाली सापडला, चेहरा बघण्यासारखा राहिला नाही!" म्हणून झाकण बंद.

मी काय करणार? टोपी काढली, गुडघे टेकले, आणि अख्ख्या पथकाला गुडघे टेकायला लावलं. आमच्यातला तो धिप्पाड स्वीडिश लुंडक्विस्ट, आपल्या कॅथलिक पंथाचा नाही बिचारा, तोही धाडकन बसला. मायकलच्या आत्म्यासाठी मी जपमाळ काढून अख्खी रोझरी म्हटली, घरच्यांची माफी मागितली आणि रिकाम्या हाताने परत आलो. वरिष्ठांनी झापलं, पण मला आजवर त्याचा पश्चात्ताप झालेला नाही. विंथ्रॉपसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "हाच सिनेमाचा आत्मा!"

जाता जाता, फादर डूलींचं पत्र आलं होतं. तू हल्ली रविवारी चर्चमध्ये एकटी बसत नाहीस, असं त्यांनी सहज लिहिलंय. कोण आहे तो? माझ्यापासून काही लपवायला जाऊ नकोस, मी भल्याभल्यांना शोधून काढलंय.

तुझा,
कॉन

शिकागो,
१५ फेब्रुवारी

प्रिय दादा,

खुर्चीवर नाव! आई असती तर तिने सगळ्या आळीला सांगितलं असतं आणि वर म्हणाली असती, "बसू दे बाई त्याला, लहानपणापासून कुठे स्वस्थ बसला नाही." त्या स्टँडिशला माझ्याकडून सांग, की दार फोडण्याआधी एकदा वाजवून बघावं. तू कधी वाजवलं नाहीस म्हणून आपल्या भागातली निम्मी दारं आजही तिरकी बसतात.

फादर डूली 'सहज' काही लिहीत नाहीत. पण असो, मीच सांगणार होते. त्याचं नाव जेरमायाह हॅनरहन. सगळे जेरी म्हणतात. बर्फाचा ट्रक चालवतो. उंच आहे, केस तांबडे आहेत, कमी बोलतो, म्हणजे माझ्या वाट्याला जास्त येतं. १० जूनला लग्न करायचं ठरलंय. दादा, मला चर्चभर फुलं नकोत की मोठी मेजवानी नको. बाबा असते तर त्यांनी माझा हात धरून मला वेदीपर्यंत नेलं असतं. ते नाहीत. तू आहेस. तू आला नाहीस तर मी एकटी चालत जाईन, दुसऱ्या कुणाचा हात मी धरणार नाही, आणि सगळं चर्च ते बघत बसेल. तेव्हा ये. एवढंच मागणं आहे.

आणि ते शवपेटीचं. दादा, ते सिनेमात नको घालूस. कशाला उगाच? लोक तिकीट काढून गोळीबार बघायला येतात, तिथे त्यांना रोझरी कशाला? शिवाय दुसऱ्याच्या घरचं दुःख, ते चार भिंतींत राहिलेलं बरं. एखादी पाठलागाची गोष्ट सांग ना त्यांना. तू तो ट्रक पकडायला गेलास आणि कालव्यात पडलास ती सांग. ती लोकांना फार आवडेल. मला तर अजून आवडते.

तुझी,
विनी

लॉस एंजेलिस,
२३ फेब्रुवारी

प्रिय विने,

लग्न! आणि हे मला आता कळतंय! येणार म्हणजे काय, अगं, मी नाही येणार तर कोण येणार? मी विंथ्रॉपसाहेबांकडे जूनची रजा आजच मागून ठेवली. काळा कोट शिवायला टाकतो.

पण आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. हा हॅनरहन पितो का? कधी पोलीस ठाण्याची पायरी चढलाय का? बर्फाचा ट्रक म्हणतेस, पण आपल्याकडे बर्फाच्या ट्रकात बर्फाखाली काय काय असायचं ते मला विचार. मी माणूस एका नजरेत ओळखतो. डोळ्यांत बघितलं की समजतं खरं काय आणि नाटक काय. दहा मिनिटं मला त्याच्यासमोर बसू दे, मग सांगतो.

आणि तुझं मन किती हळवं आहे गं! कुण्या मायकलच्या घरच्यांचं दुःख चव्हाट्यावर येईल म्हणून तू कासावीस होतेस. मला ते फार भावलं. म्हणून मी विंथ्रॉपसाहेबांना सांगितलं, की त्या घरच्यांची परवानगी घेतल्याशिवाय एक फूट फिल्म फिरता कामा नये. त्यांना ते पटलं. तर आता हे काम तुझ्याकडे. कालव्याजवळचं ते घर शोध, मायकलच्या त्या भावाला गाठ, आणि त्याला सांग, की तुझ्या दिवंगत भावाचा आम्ही पूर्ण मान राखणार आहोत. बिचारा कसा रडत होता! अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. असं रडणं ज्याला येतं तो माणूस मनाने निर्मळच असणार.

कालव्यात मी पडलो नव्हतो. मी उडी मारली होती.

तुझा,
कॉन

शिकागो,
४ मार्च

प्रिय दादा,

उडी मारणारा माणूस "वाचवा, वाचवा" असं ओरडत नाही. पण तू म्हणतोस तर उडी.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं: पितो, पण तुझ्या त्या स्वीडिश मित्राच्या मानाने काहीच नाही. ठाण्याची पायरी कधी चढलेला नाही. त्याला कुणी पकडलंच नाही कधी. म्हणजे पकडण्यासारखं काही केलं नाही असं समज.

मायकलचा भाऊ सापडला. फार शोधावं लागलं नाही. त्याला सिनेमाचं सांगितलं तर तो आधी पांढरा पडला, मग लाल झाला, मग टोपी हातात घेऊन गोल गोल फिरवत बसला. म्हणाला, "नको हो. जे झालं ते झालं. साहेबांना सांगा, विसरून जा म्हणावं." तर दादा, त्याचीच इच्छा नाही. विषय संपला. हो ना?

कोट शिवशील तेव्हा खांद्यात सैल ठेव. तू लग्नात उगाच छाती फुगवतोस आणि मग बटणं उडतात. आपल्या चुलतबहिणीच्या लग्नात पाद्र्याला लागलं होतं.

तुझी,
विनी

लॉस एंजेलिस,
१६ मार्च

प्रिय विने,

मी धडधाकट आहे. भूकंपाचं वाचून घाबरली असशील. लाँग बीचकडे फार नुकसान झालं, माणसं गेली. इथे स्टुडिओत एक खोटी बँक आणि एक खोटा गुत्ता कोसळला. गुंडांचं काम करणारे ते सज्जन गृहस्थ टेबलाखाली शिरून मोठमोठ्याने स्तोत्रं म्हणत होते.

तुझं पत्र वाचून माझा त्या माणसाबद्दलचा आदर दुणावला. किती मानी! सहा वर्षं झाली तरी भावाचं नाव काढल्यावर पांढरा पडतो! विंथ्रॉपसाहेबांना मी ते पत्र वाचून दाखवलं (तुझा कालव्याबद्दलचा चावटपणा वगळून). ते इतके हेलावले, की म्हणाले, त्याला इथे बोलवा. जायचा यायचा खर्च स्टुडिओचा. ज्या नटाने रडायचं आहे त्याला रडणं जमत नाहीये, शिंक आल्यासारखं तोंड करतो. मायकलच्या भावाने येऊन फक्त एकदा दाखवावं. तू त्याचं मन वळव. मला त्याला एकदा भेटायचंच आहे.

काल मात्र माझं नि विंथ्रॉपसाहेबांचं जुंपलं. ते म्हणाले, "झाकण उघडून मायकलचा चेहरा दाखवू." मी म्हटलं, "आमच्यात बंद झाकण कुणी उघडत नाही. जीव गेला तरी नाही." तर ते काय म्हणाले माहीत आहे? "मग आत माणूस होता कशावरून?" विने, माझं डोकंच फिरलं. मी खुर्चीवरून उठलो. म्हटलं, "साहेब, मी त्या पेटीपासून हातभर अंतरावर होतो. लुंडक्विस्ट गुडघ्यावर आदळला तेव्हा आत काहीतरी किणकिणलं, ती बिचाऱ्याच्या हातातली जपमाळ होती. माझ्या अब्रूवर सांगतो, तो प्रसंग शंभर टक्के खरा आहे." ते एकदम नरमले. आता त्यांनी ठरवलंय, की सिनेमाच्या जाहिरातीत माझा फोटो आणि ही हकीकत छापायची, 'खुद्द मिस्टर गेरिटी यांच्या तोंडून'. शिकागोच्या सगळ्या पेपरांत. आपल्या भागातले लोक मला बघून रस्ता ओलांडायचे ना? आता वाचू देत.

माझं तिकीट काढून झालं.

तुझा,
कॉन

शिकागो,
२१ मार्च

प्रिय दादा,

त्या रंगवलेल्या खुर्चीवर बस. बसलास? पेपरांचं ते थांबव, आजच थांबव. का ते सांगते.

मायकल नव्हता रे. कधीच नव्हता. पेटीत कॅनडाची व्हिस्की होती, गवतात नीट गुंडाळलेली. जपमाळ किणकिणली म्हणतोस! अरे, मालगाडीखाली सापडलेल्या माणसाच्या हातात जपमाळ दिली तरी ती एवढी वाजेल का? लुंडक्विस्ट आणखी जोरात आदळला असता तर सगळं पथक भिजलं असतं.

तुमची धाड येणार हे त्यांना आधीच कळलं होतं. पळवायला वेळ नव्हता. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "येतोय कोण? गेरिटीचा कॉन ना? मग शवपेटी आणा. दुसरा कुणी असता तर झाकण उघडून बघितलं असतं, कॉन आधी टोपी काढेल." आणि तू काढलीस. बायका शेजारच्या गल्लीतून बोलावल्या होत्या. एकीला रडूच येईना, म्हणून तिने रुमालात कांदा धरला होता. तू रोझरी म्हणत होतास तेव्हा सगळे मान खाली घालून ओठ चावत होते, आणि तुला वाटलं शोकाने खांदे हलताहेत.

दुसऱ्या दिवशी मला बेकरीत कळलं. तू तेव्हा शहराच्या मध्यभागी, खात्याच्या खोलीवर राहायचास. तुझ्या कानावर हे घालायची कुणाची छाती नव्हती, माझी तर नाहीच. आजही आपल्याकडे कुणी ग्लास उचलला की "मायकलच्या आत्म्याला शांती लाभो" म्हणतात आणि हसून हसून पुरेवाट होते. आता तुझ्या फोटोसकट ही गोष्ट पेपरात आली, तर काय होईल तूच सांग.

आणि तो रडणारा भाऊ. तांबड्या केसांचा, उंच, कमी बोलणारा. तुझ्या लक्षात आलंच असेल. होय, जेरीच. तेव्हा तो त्यांच्यासाठी ट्रक चालवायचा. ते सोडून त्याला तीन वर्षं झाली, आता बर्फाखाली बर्फच असतो. तो स्वतः तुला लिहिणार होता, पण त्याने चार कागद फाडले आणि पाचवा घेऊन माझ्याकडे आला. मी म्हटलं, मी लिहिते, माझा भाऊ माझं ऐकतो.

ऐकशील ना? खो खो हस एकदा, दादा, आणि मला तसं कळव. १० जूनला मला तुझा हात हवाय.

तुझी,
विनी

लॉस एंजेलिस,
८ एप्रिल

विनिफ्रेड,

पेपरातली जाहिरात थांबवली. कारण सांगितलं नाही.

सहा वर्षं सगळी आळी माझ्यावर हसत होती आणि माझी बहीण त्यांत होती. आणि आता ज्याने मला गुडघ्यावर बसवून खेळवलं, त्याच्याच हातात मी तुझा हात द्यायचा. मी देवापुढे गुडघे टेकले होते, त्याच्या बाटल्यांपुढे नाही. मला हे जमणार नाही. तिकीट परत केलं.

बंदी उठली आणि इथे काल बिअर उघड सुरू झाली. लोक रस्त्यात नाचत होते. मी खोलीवर बसून होतो.

कॉर्नेलियस

शिकागो,
१५ एप्रिल

प्रिय दादा,

'विनिफ्रेड' म्हणे! उद्या ईस्टर आहे म्हणून मी तोंडाला आवर घालून लिहितेय, नाहीतर तुझं काही खरं नव्हतं.

तुला खेळवलं हे खरं. तू चिडलास तेही बरोबर. पण अर्धी गोष्ट ऐकून तिकीट परत करणारा माणूस नऊ वर्षं तपास कसला करत होता, हे मला कळेना. उरलेली अर्धी ऐक.

बाबा गेले ते तुला आठवतं. तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी. तू डेट्रॉइटला कामगिरीवर होतास, तार उशिरा मिळाली आणि तू थेट चर्चमध्ये पोचलास. मी तुला सांगितलं, की रात्रभर घर माणसांनी भरलं होतं, पाय ठेवायला जागा नव्हती. ते खोटं होतं. त्याच्या आदल्याच महिन्यात तुमच्या पथकाने आपल्या गल्लीतल्या विधवा बाईंची भट्टी फोडली होती, आणि त्यांना चार दिवस कोठडीत ठेवलं होतं. बाबांजवळ बसायला कुणी आलं नाही, दादा. एकही माणूस नाही. मी डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा शिजवला होता, ब्रेड कापून ठेवला होता, खुर्च्या मागून आणल्या होत्या. समोरच्या खिडक्यांचे पडदे हलत होते, पण रस्ता ओलांडून कुणी आलं नाही. आपल्यात मेलेल्या माणसाला एकटं ठेवत नाहीत, आणि तिथे बाबा नि मी दोघंच.

मग दार वाजलं. हो, वाजवलं त्याने. मी त्याला ओळखत नव्हते. टोपी काढली, बाबांपाशी गुडघे टेकले, आणि रोझरी म्हणायला लागला, सावकाश, सगळीच्या सगळी. मग एक खुर्ची घेतली आणि सकाळपर्यंत बसून राहिला. चहा दिला तर घेतला. मला म्हणाला, "तुम्ही थोडं पडा, मी आहे इथे."

सकाळी मी विचारलं, तुम्ही बाबांचे कोण? तो म्हणाला, "कुणी नाही. पण तुमच्या भावाने माझ्या मायकलसाठी गुडघे टेकले होते." आणि मग त्याने मला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी खोटं रडत होतो हो. पण तुमचा भाऊ इतक्या मनापासून प्रार्थना करायला लागला, की मला खरंच रडू फुटलं. मला भाऊ नाही, आईबाप नाहीत. मी मेलो तर माझ्यासाठी असं कोण म्हणेल, असं मनात आलं. ते बाकीचे हसत होते. मला त्या दिवसापासून त्या धंद्यात राहवेना." बाबा गेले त्याच महिन्यात त्याने ट्रकची किल्ली परत दिली. ते लोक किल्ली परत देणाऱ्यांना कसं वागवतात ते मी तुला सांगायला नको. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत.

आळी हसते हे खरं. पण हसून झाल्यावर म्हातारे लोक काय म्हणतात तेही ऐक. "काही म्हणा, गेरिटीच्या पोराने गुडघे टेकले. खात्यात गेला तरी आपलाच राहिला." तुझ्याबद्दल इथे चांगलं बोलतात ते तेवढंच, दादा. मी ते तुला सांगितलं नाही, कारण बाटल्यांशिवाय ते सांगता येत नव्हतं.

आता तू ठरव. तू नाही आलास तरी मी लग्न याच्याशीच करणार, आणि तुझ्यावर रागावणारही नाही. फार रागावणार नाही. पण मला वाईट वाटेल, आणि ते मी लपवणार नाही.

जेरीला आता बिअरच्या कारखान्यात काम लागलंय. रस्ते तेच, गिऱ्हाईकं तीच. फक्त आता पोलीस हात दाखवून वाट करून देतात आणि याला अजून धडकी भरते.

तुझी,
विनी

लॉस एंजेलिस,
९ मे

श्री. जेरमायाह हॅनरहन यांस,

की मायकलचे बंधू म्हणू? दोन्हीतलं जे आवडेल ते घे. मी वयाने मोठा आहे आणि होणारा मेव्हणा आहे, तेव्हा एकेरीवर येतो.

विनीचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसायचो आणि कागद फाडायचो. तुझ्याइतके फाडून झाले असतील. शेवटी एक दिवस विंथ्रॉपसाहेबांकडे गेलो आणि दार लावून म्हटलं, "साहेब, तुम्ही विचारलं होतं ना, आत माणूस होता कशावरून? नव्हता." आणि सगळं सांगितलं. साहेब खुर्चीतून घसरून खाली बसले. हसता हसता ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाले, "गेरिटी, हे असंच घेतलं तर तुम्हाला चालेल? लोक तुमच्यावर हसतील." मी म्हटलं, "आमच्या आळीत सहा वर्षं हसताहेत, आता बाकीच्या अमेरिकेलाही हसू दे."

गेल्या आठवड्यात तो प्रसंग घेतला. स्टँडिश गुडघे टेकतो, धिप्पाड शिपाई आदळतो, पेटी किणकिणते आणि मग आतल्या बाटल्या दिसतात. सुतार, दिवेवाले, गुंडांचं काम करणारे ते भाविक गृहस्थ, सगळे पोट धरून हसले. माझे कान लाल झाले, पण मी खुर्चीवरून उठलो नाही. स्टँडिशने येऊन विचारलं, "मिस्टर गेरिटी, प्रार्थना करताना मी चेहरा कसा ठेवू? वेडगळ दिसू का?" मी म्हटलं, "अजिबात नाही. आत माणूस आहे असं समजूनच म्हण. तू नीट म्हटलीस तरच त्या रडणाऱ्या पोराला खरं रडू येईल." आणि आलं, जेरी. तो शिंक आल्यासारखं तोंड करणारा नट त्या दिवशी खरंच रडला. तुझा येण्याजाण्याचा खर्च वाचला.

तुझ्या त्या बोटांचं वाचलं. कुणी केलं ते मी विचारणार नाही. विचारलं तर मला परत खात्यात जावंसं वाटेल.

विनीला सांग, तिकीट पुन्हा काढलंय. ८ जूनला पोचतो. कोट खांद्यात सैल आहे. तिला वेदीपर्यंत मी नेईन, छाती फुगवणार नाही, आणि तिचा हात तुझ्या त्या न वळणाऱ्या बोटांत देईन.

आता ज्यासाठी हे पत्र तिच्याऐवजी तुला लिहितोय ते. तू माझं एक काम करायचंस. बाबा गेले तेव्हा मी चर्चमध्ये पोचेपर्यंत त्यांच्या पेटीचं झाकण लावून झालं होतं. बाबांचं तोंड मला बघायला मिळालं नाही. तीन वर्षांत एकदाही विनीला मी विचारू शकलो नाही, मला तिच्यासमोर लाज वाटते. तू त्यांच्याजवळ सकाळपर्यंत होतास. जिवंतपणी तू त्यांना ओळखत नव्हतास आणि मी ओळखत होतो, पण शेवटचं बघितलंस ते तू.

लग्नाच्या आदल्या दिवशी आपण दोघंच कुठेतरी बसू. आता उघड मिळते, तेव्हा एकेक बिअर घेऊ, माझ्याकडून. आणि तू मला सांग, त्यांना कुठला कोट घातला होता, दाढी कुणी केली होती, तोंडावर काय होतं, शांत दिसत होते की वाट बघत असल्यासारखे. माझं नाव निघालं का, तेही सांग. जसं होतं तसं सांग, जेरी. मला बरं वाटावं म्हणूनसुद्धा या वेळी खोटं बोलू नकोस.

तुझा,
कॉन गेरिटी